नवव्या प्रश्नाचे उत्तर

सुज्ञ वाचकहो, प्रारंभीच नम्रपणे जाहीर करतो की, पुढील हकिकत प्रेमाची असली तरी हर्षाची नाही. तीत एक तरुण आहे, एक तरुणी आहे, आणि एक चूक आहे. ही चूक द्वेषातून घडली नाही, लोभातूनही घडली नाही. ती एका कागदावरील दोन ओळींतून घडली. आणि त्या दोन ओळींनी जे नेले, ते पृथ्वीवरील कोणत्याही बाजारात पुन्हा मिळणारे नाही. ज्यांना केवळ गोडच वाचावयाचे असेल, त्यांनी येथेच पान मिटावे. उरलेल्यांनी माझ्यासोबत ब्रह्मपुरीस चलावे.

ब्रह्मपुरीच्या बस स्थानकामागे, झेरॉक्सच्या दुकानाला लागून निकेश ठेंगरी याची ध्वनिमुद्रणाची खोली होती. खोली कसली, दहा बाय बाराचा एक कोंडवाडाच तो! भिंतींना अंड्यांचे ट्रे ठोकलेले, खिडकीला जुनी गादी बांधलेली, मध्ये एक संगणक आणि एक माईक. झाडीपट्टीच्या नाटक कंपन्यांची गाणी, लग्नांची गाणी, भजनी मंडळांचे अभंग, सारे तो तेथेच मुद्रित करी. वय सत्तावीस. स्वभाव मनमिळाऊ, परंतु एका गोष्टीने तो अगदी जेरीस आला होता.

हल्ली गावोगावच्या तरुणांनी संगणकावर संगीत तयार करण्याचे सॉफ्टवेअर घरीच टाकून घेण्याचा सपाटा लावला होता. टाकताना अडले की निकेशला फोन. ‘भाऊ, डाउनलोड झालं पण उघडत नाई.’ ‘भाऊ, माईक लावला तं दिसत नाई.’ ‘भाऊ, फुकटचं घेतलं तं व्हायरस येते का?’ रोज तेच प्रश्न, रोज तीच उत्तरे. अखेर एके दिवशी त्याने सतरा प्रश्न आणि त्यांची सतरा उत्तरे सुवाच्य मराठीत टंकलिखित केली, वर मथळा दिला, ‘नेहमी विचारले जाणारे प्रश्न. कृपया आधी वाचावे, मग फोन करावा’, आणि तो कागद दाराच्या बाहेरील अंगास चिकटवून टाकला. त्या कागदाचा त्याला फार अभिमान होता. विधात्याने ललाटी लिहावे, तसे आपण दारी लिहिले, असेच त्याला वाटे.

मार्गशीर्ष महिना होता. आभाळ चार दिवसांपासून गच्च भरलेले. कापलेला धान बांध्यांत पसरलेला, आणि पाऊस आला तर काय, या धास्तीने सारा मुलूख गप्प. अशा त्या कुंद दुपारी निकेशने खोलीचे दार बाहेर ढकलले… आणि ते कोणाच्या तरी कोपरावर धाडकन आदळले.

“बाप्पा! आंधळे हा का?”

दाराआड एक मुलगी उभी होती. हाती वही, दुसऱ्या हाती पेन. आणि वहीच्या पानावर, अक्षरांच्या मधोमध, एक लांबलचक वाकडी रेघ.

“दार माहं हाये, बाई,” निकेश म्हणाला, “तुमीच दाराले चिपकून काऊन उभ्या?”

“कागद बाहेर चिपकवला तुमी. वाचनारा मंग आतून वाचन का?”

निकेशने वहीकडे पाहिले. ती मुलगी त्याचे प्रश्न उतरवून घेत होती! सहाव्यापर्यंत आली होती. झेरॉक्सवाल्याची वीज गेली होती, म्हणून.

“द्या, मी छापून देतो. वीज आली का लगेच.”

“राहू द्या. हातानं लिवलं का डोक्यात राहते.” तिने रेघेवर बोट ठेवले आणि प्रथमच किंचित हसली. “आता हे रेघ बी डोक्यात राहीन.”

तिचे नाव दीपिका हलामी. आरमोरीच्या पलीकडे, जंगलात आत, कोसमटोला नावाचा पंचवीस घरांचा टोला आहे, तेथली ती. परीक्षेचा अर्ज भरण्यासाठी ती महाविद्यालयात आली होती आणि परतीच्या गाडीस अवकाश होता म्हणून इकडे वळली होती. तिचा सावळा, रेखीव चेहरा, कानांतील बारीक चांदीच्या बाळ्या आणि त्या काळ्याभोर डोळ्यांतील थकवा… निकेशने ते सारे एका दृष्टिक्षेपात पाहिले आणि दृष्टी लगेच कागदाकडे वळवली. मनुष्य लाजला की वाचू लागतो.

“गाणं तुमी म्हनता का?” त्याने विचारले.

“मी नाई. माहे बाबा.”

मग तिने जे सांगितले ते ऐकून निकेश दारातच थबकला.

तिचे वडील इतवारी हलामी हे त्या भागातील लग्नांचे गाणारे होते. त्यांच्या टोल्यांत रीत अशी की, लग्नाच्या एकेका विधीला एकेक गोंडी गाणे. मांडवाचे वेगळे, हळदीचे वेगळे, पाठवणीचे वेगळे. अशी अकरा गाणी. गाणाऱ्याने ओळ उचलावी आणि बायांनी तिचा उत्तरार्ध झेलावा. बायांना उत्तरार्ध ठाऊक. पूर्वार्ध मात्र एकट्या इतवारीला. आणि त्या इतवारीने तीस वर्षे गालात खर्रा धरला होता. तंबाखूने आपले देणे घशात ठेवले. नागपूरच्या डॉक्टरांनी सांगितले होते की स्वरयंत्रच काढावे लागेल. जीव वाचेल कदाचित. आवाज राहणार नाही.

“कधी हाये ऑपरेशन?”

“महिन्यानं. त्याच्या आधी मले अकराही गाणे भरून घ्याचे हायेत.”

“मी येतो ना टोल्यावर. माईक घेऊन येतो.”

“नाई,” ती म्हणाली, “बाबा परक्यापुढं गात नाईत. म्हनते, लग्न नाई, मांडव नाई, अन् परक्या मानसापुढं मांडवाचं गानं म्हनून काय करू? माह्यापुढं म्हनतीन. म्हनून मलेच शिका लागते.”

बोलता बोलता तिने सतराही प्रश्न उतरवून पुरे केले. वारा सुटला. दाराचा कागद फडफडला. निकेश आत गेला आणि त्याच्याकडचा दुसरा, जुना माईक फडक्यात गुंडाळून घेऊन आला.

“हा न्या.”

“माह्यापाशी पैसे…”

“मी मांगतले का?”

तिने माईक छातीशी धरला, जसे कोणी आजारी पाखरू धरावे तसा. आणि पळतच ती बसकडे गेली.

वाचकहो, येथून दूरध्वनीचे पर्व सुरू झाले.

कोसमटोल्याला नेटवर्क एकाच ठिकाणी मिळे, ते म्हणजे बोडीच्या, म्हणजे गावतळ्याच्या, पाळीवर. सायंकाळी गुरे परतण्याच्या सुमारास दीपिका पाळीवर चढे, आणि इकडे ब्रह्मपुरीत निकेश, कोणी गायक समोर उभा असला तरी, “एक मिनिट हां,” म्हणून बाहेर येई. सॉफ्टवेअर टाकायला लॅपटॉप ग्रामसभेचा होता. दीपिकाचा थोरला भाऊ अंकुश ग्रामसभेचे कागद सांभाळी, त्याने तो बहिणीला दिला होता.

“निकेशभाऊ, मी ‘हं’ म्हनते, अन् कानात ‘हं’ मंग येते. उशिरा!”

“सातवा प्रश्न. उत्तरात लिवला थो आकडा कमी करा. दोनशे छप्पनवर आना.”

“आनला. झालं… निकेशभाऊ, आता लाल पट्टी लागून राह्यली.”

“आठवा प्रश्न. आवाज लगित मोठा येऊन राह्यला. बाबाले माईकपासून हातभर मागं बसवा.”

“बाबा सरत नाईत! म्हनते, पाहुना घरी आला अन् त्याच्यापासून दूर बसून कोनी गाते का?”

निकेश खळखळून हसला. पलीकडे तीही हसली. आणि बोडीवरून उडालेल्या बगळ्यांचे पंख त्या फोनमधून ऐकू आल्याचा त्याला भास झाला.

“एक सांगू?” तो म्हणाला, “थे ‘भाऊ’ जरा कमी करता आलं तं पाहा.”

पलीकडून अगदी गंभीर स्वर…

“कितीवर आनू? दोनशे छप्पनवर?”

त्या रात्री निकेशला अन्न गोड लागले नाही. किंबहुना, फारच गोड लागले. एका गाण्यामागून दुसरे, असे दिवस गेले. पाच गाणी झाली, सहा झाली. इतवारीचा घसा दुखे, मध्येच रक्त येई, तरी तो गरम पाणी पिऊन पुन्हा बसे. दीपिका हे सांगताना कधी कधी बोलता बोलता थांबे. फोन मात्र कोणीच ठेवत नसे.

“सतरा प्रश्न संपले तुमचे,” एकदा ती म्हणाली.

“संपले?”

“हो. आता अठरावा माहा. तुमी आज जेवले का?”

“…याचं उत्तर कागदावर नाई.”

“मंग लिवा ना. बाकीचे बी विचारत असतीन.”

“दुसरं कोनी नाई विचारत,” निकेश म्हणाला.

पौषाच्या आरंभी अकस्मात नागपूरहून निरोप आला. शस्त्रक्रियेची तारीख आठ दिवस अलीकडे आली होती. दीपिकाने अकरावे गाणे घाईने भरले आणि दुपारीच फोन केला. निकेशच्या खोलीत त्या वेळी एका नाटक कंपनीची पाच माणसे बसली होती, ढोलकीवाला ढोलकी ठोकत होता, आणि कंपनीचा मालक घड्याळ दाखवत होता.

“झाले अकराही! आता हे तुमच्यापाशी आनू कसं? काय काय घेऊ?”

“नववा प्रश्न पाहा, दीपिका. तिथी सारं लिवलं हाये. मी मंग फोन करतो.”

नवव्या प्रश्नाचे उत्तर असे होते: ‘काम पूर्ण झाल्यावर प्रोजेक्टची फाईल सेव्ह करून पेन ड्राइव्हवर घ्यावी. तीतच सर्व काही असते, दुसरे काही नेण्याची गरज नाही.’

तिने तंतोतंत तसे केले. अंकुशने विचारले, “घेतलं ना सारं? लॅपटॉप लगित सुस्त झाला, ग्रामसभेचे नकाशे उघडत नाईत. मी पूर्ण पुसून नव्यानं टाकतो.” ती म्हणाली, “घेतलं, दादा. पुस.” आणि पहाटेच्या गाडीने ती आई-वडिलांसह नागपूरला गेली.

निकेश तिला भेटायला एकदा रुग्णालयात गेला. शस्त्रक्रिया होऊन चार दिवस झाले होते. लांबच लांब ओसरी, फिनेलचा वास, आणि भिंतीला टेकून बसलेली, डोळे सुजलेली दीपिका. त्याने कागदी पेल्यात चहा आणला. तिने तो दोन्ही हातांत धरला पण प्यायलाच नाही.

“काल बाबांनी मले हाक मारली,” ती हळूच म्हणाली. “तोंड उघडलं, ओठ हालले… अन् काहीच आलं नाई. त्याईले बी नवल वाटलं. मागं वळून पाह्यलं त्याईनं, जसं दुसरंच कोनीतरी उठून गेलं खोलीतून.”

निकेश तिच्याशेजारी भिंतीला टेकून बसला. तिने डोके त्याच्या खांद्यावर टेकवले. फार तर दहा श्वास टेकवले असेल.

“तरी मी रडत नाई,” ती म्हणाली. “पेन ड्राइव्ह माह्या बटव्यात हाये. बाबा तिथी हायेत.”

माघात ते कुटुंब टोल्यावर परतले. आणि एके सकाळी, दाट धुके वैनगंगेच्या पुलावरून अजून उठायचे होते तेव्हाच, दीपिका आरमोरीच्या बसने ब्रह्मपुरीत उतरली. तिने नवी निळी साडी नेसली होती. बटव्यातून पेन ड्राइव्ह काढून तिने निकेशच्या तळहातावर ठेवला.

“पयलं मांडवाचं लावा. मोठ्या आवाजात लावा.”

निकेशने फाईल उघडली. पडद्यावर अकरा पट्ट्या उमटल्या. प्रत्येकीवर तिनेच दिलेले नाव: मांडव, हळद, पाय धुणे… प्रत्येकीची लांबीही दिसत होती. मांडव, चार मिनिटे बारा सेकंद. हळद, सहा मिनिटे दोन सेकंद. परंतु पट्ट्या रिकाम्या होत्या. ज्या नागमोडी रेषांत आवाज दिसतो, त्या रेषाच नव्हत्या. त्याने कळ दाबली. काटा सरकू लागला. चार मिनिटे बारा सेकंदांच्या वाटेवरून तो मुकाट्याने चालला.

“आवाज वाढवा ना,” दीपिका म्हणाली.

निकेशला कळले होते. एका निमिषात सारे कळले होते. प्रोजेक्टची फाईल म्हणजे केवळ चिठ्ठी. कोणता आवाज कोठे ठेवला आहे एवढेच तीत लिहिलेले असते. खुद्द आवाज वेगळ्याच कप्प्यात साठतो. चार वर्षांपूर्वी त्याने स्वतःच्या संगणकावर एक खूण करून ठेवली होती, तेव्हापासून त्याच्याकडे दोन्ही आपोआप एकत्र राहात. आणि तो ते विसरून गेला होता. नव्या संगणकावर ती खूण नसते. ज्याने ते स्वतःसाठी एकदाच केले, त्याने ते इतरांसाठी लिहिलेच नाही. दीपिकाने चिठ्ठी आणली होती. आवाज लॅपटॉपमध्ये राहिला होता, आणि लॅपटॉप…

“लॅपटॉप कुठी हाये?”

“दादानं पुसून टाकला. तवाच. काऊन?”

तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पडद्याकडे, आणि तिच्या ओठांवरचा रंग उतरत गेला.

“माहं काही चुकलं का?” ती पुटपुटली. “घाई होती… मी काही तरी विसरली असन. माहीच चूक, ना?”

वाचकहो, हाच तो क्षण. एक ‘हो’ म्हटले असते, निदान गप्प जरी राहिला असता, तरी ती मुलगी जन्मभर स्वतःलाच दोष देत राहिली असती आणि त्याच्याच खांद्यावर रडली असती. प्रेम त्याच्या हातात राहिले असते. मोह मोठा होता. निकेश उठला, दार उघडले, बाहेरचा तो कागद टराटरा ओढून काढला आणि तिच्यापुढे ठेवून नवव्या उत्तरावर बोट ठेवले.

“तू काहीच नाई विसरली. मी लिवलं होतं थेच केलं तू. हे उत्तर चुकीचं हाये. आवाजाचा कप्पा बी न्या लागते, हे मी लिवलंच नाई. तू फोन केला तवा बी सांगतलं नाई. मानसं बसली होती… घाई होती माही.”

दीपिकाने ते उत्तर वाचले. पुन्हा वाचले. मग ती अत्यंत शांतपणे उठली.

“एक मिनिट बी नव्हता तुह्यापाशी?” ती म्हणाली. आजवरचे ‘तुमी’ तिने त्या एका वाक्यात टाकून दिले. “बाबा रक्त थुंकून गायले. अकरा दिवस गायले. अन् तुले एक मिनिट नव्हता!”

ती गेली. बस सुटली. निळी साडी धुक्यात विरून गेली.

निकेशने त्याच दिवशी नाटक कंपन्यांना कळवले की काही दिवस खोली बंद राहील. दुसऱ्या सकाळी तो कोसमटोल्यात हजर झाला. दीपिकाने दार उघडले नाही. तो अंकुशकडे गेला, हात जोडले, आणि पुसलेले परत काढणारे जितके उपाय ठाऊक होते तितके लॅपटॉपवर करू लागला. तीन दिवस तो अंकुशच्या पडवीत बसून होता. परंतु पुसलेल्या जागेवर ग्रामसभेच्या जंगलाचे नकाशे येऊन बसले होते. एका आवाजावर साऱ्या टोल्याचे जंगल चढले होते. ते उपसणार कसे?

तिसऱ्या दिवशी एक तुकडा हाती लागला. अकरा सेकंदांचा. त्यात गाणे नव्हते. आधी खोकल्याची उबळ, मग इतवारीचा खरखरीत, तरीही जिवंत आवाज: त्याने बायकोला, सीताबाईला, हाक मारून गोंडीत पाणी मागितले होते. एवढेच.

अंकुशने तो ऐकला आणि तोंड फिरवले. “चाल,” तो म्हणाला, “बाबाले आयकव.”

इतवारी अंगणात खाटेवर बसला होता. गळ्याला पांढरे फडके. सीताबाई मोहाच्या झाडाखालचा पाला झाडत होती, दीपिका तांदूळ पाखडत होती. निकेशला पाहताच तिचे सूप थांबले. अंकुशने तुकडा लावला.

सीताबाईने केरसुणी टाकली आणि ती खरोखरच पाणी आणायला आत धावली! मग मध्येच थांबली. पदर तोंडाला लावून तशीच उभी राहिली.

इतवारी मात्र हसला. निःशब्द हसला, खांदे हालले, डोळ्यांतून पाणी आले. त्याने बोटाने खूण केली, पुन्हा लाव. तीनदा ऐकले. मग त्याने दीपिकाला जवळ बोलावले, तिचा हात आपल्या गुडघ्यावर ठेवला, त्यावर आपल्या तळव्याने ठेका धरला, आणि ओठ हलवू लागला.

दीपिका पाहात राहिली. “बाबा… हे तं मांडवाचं हाये.”

त्याने मान डोलावली. ओठ पुन्हा हलले. ती ते ओठ वाचू लागली, एकेक शब्द चाचपडत म्हणू लागली. चाल चुकली की तो खाटेच्या लाकडावर थाप मारी. ती पुन्हा म्हणे. पुन्हा थाप. पुन्हा. टोल्यातल्या बाया एकेक करून येऊन बसल्या. पूर्वार्ध सापडला की त्या उत्तरार्ध देत, आणि तो जुळला की इतवारी डोळे मिटे.

संध्याकाळपर्यंत पहिल्या गाण्याच्या चार ओळी उभ्या राहिल्या. निकेशने माईक लावला तेव्हा दीपिकाने त्याला अडवले नाही. ती त्याच्याशी बोललीही नाही.

त्यानंतर दर रविवारी निकेश येई. ब्रह्मपुरीहून आरमोरी, आरमोरीहून जीप, आणि पुढे चार किलोमीटर पायी. मोह फुलला, त्याचा गोड, जडशीळ वास साऱ्या रानात कोंदून राहिला. पळस पेटला आणि विझला. दीपिका कामापुरते बोले: “माईक सरकव.” “पुन्हा घे.” एकदा उन्हातून आलेल्या त्याला तिने न मागता पाण्याचा तांब्या दिला, आणि तो रिता होईपर्यंत दुसरीकडे पाहात उभी राहिली. एकदा सीताबाई गालात हसून म्हणाली, “पोरा, दर आइतवारी येतस, तुह्या घरी कोनी वाट पाहात नाई का?” तर दीपिकाने सूप इतक्या जोरात आपटले की कोंबड्या पळाल्या.

चैत्र संपेपर्यंत चार गाणी झाली. मांडव, हळद, पाय धुणे आणि नवरदेवाला अडवण्याचे. पाचव्याच्या दोन ओळी झाल्या असतील-नसतील… इतवारीला ताप भरला. रोग पुन्हा वर आला होता. शेवटच्या दिवशीही तो ओठ हलवीत होता, आणि दीपिका तोंडाजवळ तोंड नेऊन पाहात होती. परंतु ते गाणे होते की पाणी मागणे होते, की आणखी काही होते, हे तिला वाचता आले नाही.

इतवारी गेला. सात गाणी त्याच्यासोबत गेली.

पुढल्या रविवारी निकेश आला आणि दुरूनच नमस्कार करून परतला. त्याच्या पुढच्याही रविवारी तसेच. आता येण्यास निमित्तच नव्हते. चार गाणी नीट करून, आवाजाच्या कप्प्यासह तीन वेगवेगळ्या ठिकाणी जपून, त्याने एक प्रत अंकुशच्या हाती दिली आणि मनाशी ठरवले की, संपले.

परंतु ज्येष्ठाच्या तोंडी अंकुशचा फोन आला. शेजारच्या टोल्यात लग्न होते. गाणारा नव्हता, म्हणून वधूच्या घरून दीपिकाला बोलावणे आले होते. “तू ये,” अंकुश म्हणाला, “दीपिका म्हनाली नाई. पन ये.”

भर दुपार होती. आंब्याच्या डहाळ्यांचा मांडव, वर ढगांनी झाकोळलेला सूर्य, उकाड्याने घामेजलेली माणसे. निकेश मागे, एका खांबाला टेकून उभा राहिला. दीपिकाने मांडवाच्या गाण्याची ओळ उचलली. तिचा आवाज बापासारखा नव्हता. पातळ होता, किंचित कापरा होता. बायांनी उत्तरार्ध झेलला. हळद झाली. पाय धुणे झाले. नवरदेवाला अडवले. आणि मग पाचव्या गाण्याची जागा आली.

दीपिका थांबली. बाया थांबल्या. ढोलवाल्याने तिच्याकडे पाहिले. तिने मानेनेच खुणावले, आणि तो नुसताच ढोल वाजवू लागला. जितका वेळ ते गाणे चालले असते, तितका वेळ तो वाजवीत राहिला. सहाव्याच्या जागी तसेच. सातव्याच्या जागी तसेच. अकराव्यापर्यंत. पाठवणीच्या वेळी वधू रडली, तेव्हा तिच्या रडण्याखाली गाणे नव्हते. केवळ ढोल होता. निकेशला ते सोसवेना. तो मांडवाबाहेर येऊन बांधावर बसला.

थोड्या वेळाने पावले वाजली. दीपिका आली आणि त्याच्यापासून हातभर अंतरावर बसली. घामाने तिच्या कपाळावरची हळद ओघळली होती.

“आयकलं?” तिने विचारले.

“आयकलं.”

“सात गाणे तुह्यामुळं गेले, निकेश.”

“हो.”

“मी हे विसरनार नाई. आपलं भांडन झालं का काढीन. भाजीत मीठ जास्त झालं अन् तू तोंड वाकडं केलं, तवा बी काढीन. म्हातारी झाली, दात पडले, तरी काढीन.”

निकेशने मान खाली घातली. “काढजो,” तो म्हणाला. मग तिचे शब्द त्याच्या कानांतून काळजात उतरले, आणि त्याने चमकून वर पाहिले. “…दीपिका?”

ती समोर पाहात होती. डोळे भरलेले होते, ओठ घट्ट मिटलेले होते.

“मंग आयकून घ्याले कोनी पायजे ना,” ती म्हणाली. “दुसऱ्या कोनाले मी काय सांगू? दुसऱ्याले काय समजन थे सात गाणे का होते? तुलेच राहा लागन. जन्मभर.”

त्याने हात पुढे केला नाही. ते धैर्य त्याला झाले नाही. तिनेच आपला हात बांधावरच्या धुळीत, त्याच्या हाताशेजारी आणून ठेवला. मांडवात ढोल थांबला होता. ढग तसेच होते.

येथे ही हकिकत पूर्ण झाली. सुखान्त म्हणावी की दुःखान्त, हे ठरविण्याइतके माझे शिक्षण नाही. नववीनंतर शाळा सुटली. जे घडले ते जमेल तशा भाषेत आपणापुढे ठेवले. आपण आपला अमूल्य वेळ देऊन शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल आपले मनःपूर्वक आभार मानतो. लेखनात उणे-अधिक झाले असल्यास उदार मनाने क्षमा असावी.

आपला नम्र,
देवाजी लटारू नाकतोडे
तालुका ब्रह्मपुरी, जिल्हा चंद्रपूर